थोरल्याच्या आधी धाकटा

"प्रश्न परत वाचा."

विद्यार्थी वही घेऊन पुढे आला की मॅडम वहीकडे पाहायच्यासुद्धा नाहीत. एका बोटाने ती त्याच्याकडे परत सरकवायच्या आणि एवढंच बोलून आपल्या कामाला लागायच्या. पोरगं तोंड पाडून जागेवर जायचं, प्रश्न पुन्हा वाचायचं आणि बहुतेक वेळा "अरे हां!" म्हणून स्वतःच्याच कपाळावर हात मारायचं. एखादं तरीही वही घेऊन पुन्हा यायचं. मॅडमचं बोट तयारच असायचं.

मी शिरूरजवळच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात कॉम्प्युटर लॅबचा सहायक आहे. एकोणीस वर्षं झाली. सगळे मला मामा म्हणतात, प्राचार्यसुद्धा. तुमच्याही ऑफिसात असा एखादा मामा असेलच. कुठली वायर कुठे जाते हे त्याला ठाऊक असतं आणि कोण कुणावर का रुसलंय हेही. तेव्हा मॅडमबद्दल जे सांगतोय ते ऐकीव नाही.

मॅडम आमच्याकडे तासिका तत्त्वावर होत्या. जेवढे तास घेतले तेवढ्यापुरत्या शिक्षिका, तास संपला की कोण कुणाचं! दर जूनला त्यांना नवी ऑर्डर मिळायची आणि दर एप्रिलला ती संपायची, अशी सहा वर्षं गेली. स्टाफरूममध्ये त्यांना कपाट नव्हतं, म्हणून त्यांची पिशवी माझ्या लॅबमध्ये असायची. डबाही तिथेच उभ्याउभ्या खायच्या. "बसा की," म्हटलं तर म्हणायच्या, "बसलं की झोप येती, मामा." मांडवगण फराट्याच्या बाजूला त्यांची वस्ती. तिथून न्हावऱ्याला बस बदलून सकाळच्या पहिल्या तासाला पोचायचं, तर झोप येणारच.

वर्गात त्या पुस्तकी बोलायच्या. वर्गाबाहेर, आणि विशेषतः घाई असली की, वस्तीवरची भाषा यायची. मला ती दुसरी जास्त आवडायची.

तास संपल्यावर त्या पोरांना प्रोग्रामिंगच्या स्पर्धेसाठी तयार करायच्या. ही स्पर्धा काय भानगड आहे ते मला त्यांच्यामुळेच कळलं. तिघांचा संघ, एक कॉम्प्युटर, पाच तास आणि आठ कोडी. कोडं सोडवणारा प्रोग्राम लिहून पाठवायचा. तो तपासायलाही एक प्रोग्रामच बसवलेला असतो आणि तो "बरोबर" किंवा "चूक" एवढंच सांगतो, का ते सांगत नाही. बरोबर आलं की संघाच्या टेबलाला एक फुगा बांधतात, प्रत्येक कोड्याचा रंग वेगळा. चुकीचे प्रयत्न करून कोडं सुटलं तर प्रत्येक चुकीमागे वीस मिनिटं दंड. फुगे फुगवायचं आणि बांधायचं काम अर्थातच मामाचं.

मॅडमचं लाडकं कोडं झाडावरचं. फळ्यावर झाड काढायचं तर त्या मूळ वर काढायच्या आणि फांद्या खाली सोडायच्या. नवी पोरं हसायची.

"हसू नका. कॉम्प्युटरमधलं झाड असंच असतं. तुमच्या घरातलं पण. वंशावळ नाही का बघितली? खापरपणजोबा वर, तुम्ही खाली."

मग हमखास त्यांच्या जत्रेची गोष्ट. त्यांचे आजोबा मेंढरं घेऊन फिरायचे. वडिलांच्या वेळेपासून वस्ती झाली, ऊस आला, मेंढरं गेली, पण बिरोबाची जत्रा राहिली. जत्रेत सगळ्या भावकीला ओळीने भंडारा लावतात. लेकाला बापाच्या आधी लावायचा नाही, धाकट्याला थोरल्याच्या आधी लावायचा नाही. बाकी कुणाचा चुलतभाऊ कुणाच्या पुढे गेला तरी चालतं. एका वर्षी मॅडमचे थोरले चुलते रांजणगावच्या कंपनीत शिफ्टला अडकले. तीन धाकटे भाऊ आणि त्यांची पोरंसोरं कोरी कपाळं घेऊन चार वाजेपर्यंत उन्हात उभी. नैवेद्य गार झाला, पण धाकट्यांपैकी कुणी पुढे सरकलं नाही. चुलते आले ते कंपनीच्या गणवेशातच रांगेत शिरले.

"आता सांगा, हे झाड असं असेल तर रांग किती प्रकारे लागू शकते?"

एकदा एका मुलीने विचारलं, "मॅडम, रांगेत बायका?"

"बायका रांगेत नसतात. बाजूला उभ्या राहून बघतात. म्हणून तर मला मोजता येतं."

पोरं हसली. मॅडम नाही हसल्या.

त्यांची आणखी एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिथूनच झालं. कोड्यासोबत नमुना म्हणून एखादं छोटं उदाहरण आणि त्याचं उत्तर द्यायची पद्धत असते. दुसरे शिक्षक तीन-चार नमुने देतात. मॅडम एकच द्यायच्या, तोही अगदी किरकोळ. "नमुने जास्त दिले की पोरं नमुन्यावरून उत्तर ताडतात, प्रश्न वाचीत न्हाईत," हे त्यांचं म्हणणं. मी म्हणायचो, मॅडम, तुम्ही चहात साखरसुद्धा एवढीच घालता. त्यावर चहाचा कप एका बोटाने माझ्याकडे सरकवायच्या.

सहाव्या वर्षी दोन गोष्टी एकदम आल्या. संस्थेने मॅडमच्याच विषयाची कायम जागा काढली, आणि आजूबाजूच्या कॉलेजांची मोठी स्पर्धा आमच्याकडे ठरली. स्पर्धा शनिवारी, जागेची मुलाखत लगेच पुढच्या गुरुवारी. पुण्यातल्या एका कंपनीची माणसं येणार होती, जिंकणाऱ्या संघाला तिथे थेट मुलाखत मिळणार होती. संस्थेचे सचिव दिवसभर हजर राहणार होते. कोडी काढायची जबाबदारी मॅडमवर. विभागप्रमुख त्यांना माझ्यादेखत म्हणाले, "हे नीट पार पाडा. गुरुवारचं मी बघतो." सहा वर्षं ज्याची वाट पाहिली ते आता हाताच्या अंतरावर होतं. त्या आठवड्यात मॅडमनी माझ्याशी एकदाही थट्टा केली नाही.

सहावं कोडं अर्थातच भंडाऱ्याचं. कागदावर इंग्रजीत होतं, पण अर्थ एवढाच: भावकीची वंशावळ दिली आहे, कुणालाही त्याच्या वडिलांच्या आधी भंडारा लागता कामा नये, तर किती वेगवेगळे क्रम होतील? नमुना होता म्हातारा, त्याचा एक लेक, त्या लेकाचा एक लेक. क्रम एकच, उत्तर एक. कागद छापायच्या आधी मी वाचला होता. मला काहीही खटकलं नाही. मीही तीन भावांतला मधला आहे.

शनिवारी दहाला स्पर्धा सुरू झाली. तीसेक संघ होते. साडेअकराला आमच्याच कॉलेजच्या संघाने सहावं कोडं सोडवलं. मॅडमनी तयार केलेली तीन पोरं. मी गुलाबी फुगा बांधला, सचिवांनी लांबून टाळ्या वाजवल्या. लॅबच्या मागच्या खोलीत माझ्या शेजारी बसलेल्या मॅडम हलक्या आवाजात म्हणाल्या, "चला, एक तरी सुटलं."

पण त्यानंतर एकही गुलाबी फुगा हलेना. सहाव्या कोड्यावर चूक, चूक, चूक. दौंडकडच्या एका कॉलेजच्या तीन मुली बाकी सगळ्या कोड्यांत आमच्या पोरांच्या बरोबरीने चालल्या होत्या. या कोड्यावर मात्र त्या चार वेळा आपटल्या. स्पर्धेत शंका कॉम्प्युटरवरून विचारता येते. त्यांनी विचारलं, "आणखी एक नमुना मिळेल का?" मॅडमनी उत्तर टाइप केलं: प्रश्न परत वाचा. अर्ध्या तासाने पुन्हा शंका आली. पुन्हा तेच उत्तर.

एक वाजता त्यांचा तिसरा संदेश आला. तो मला अजून पाठ आहे. "प्रश्न आम्ही चार वेळा वाचला. क्रमाबद्दल एकच अट आहे, वडील आधी. आमच्याकडून काही सुटतंय का?"

मॅडमचा हात उत्तर टाइप करायला गेला आणि मध्येच थांबला. त्यांनी छापलेला कागद ओढला. त्यावर बोट ठेवून एकेक ओळ वाचत गेल्या. शेवटच्या ओळीशी बोट पोचलं आणि परत पहिल्या ओळीवर गेलं.

"मामा, तुमचं मशीन द्या जरा."

माझ्या कॉम्प्युटरवर त्यांनी वीस-बावीस ओळींचा प्रोग्राम लिहिला. हुशारी काही नाही, सगळे क्रम एकेक करून मांडायचे आणि अट मोडणारे टाकून द्यायचे. चार माणसं घेतली. म्हातारा, त्याचे दोन लेक आणि थोरल्याचा एक लेक. मॅडमच्या मूळ उत्तराप्रमाणे क्रम होत होते दोन. पडद्यावर तीन ओळी आल्या.

"ह्यो तिसरा बघा," त्या म्हणाल्या.

मी पाहिलं. म्हातारा, धाकटा, थोरला, नातू.

"धाकट्याला आधी लावलाय," मी म्हणालो. "असं कुठं असतं व्हय?"

"जत्रेत नसतं, मामा. पण कागदावर मी तसं लिहिलंच न्हाई."

आता तुमच्याही ध्यानात आलं असेल. थोरला आधी हे मॅडमच्या इतकं हाडीमांसी भिनलं होतं की ते लिहायला हवं असं त्यांना वाटलंच नव्हतं. आपलं उत्तर मात्र त्यांनी ते धरूनच काढलं होतं. किरकोळ नमुन्यात भाऊच नव्हते, त्यामुळे चूक दिसली नाही. आणि आमच्या पोरांनी वर्षभर जत्रेची गोष्ट ऐकली होती. त्यांनीही न सांगता थोरला आधी धरला आणि चुकीच्या उत्तरावर फुगा मिळवला. दौंडच्या मुली बरोबर होत्या. पहिल्यापासून बरोबर होत्या.

 मॅडमनी विभागप्रमुखांना बोलावून घेतलं. तीन वाक्यांत सगळं सांगितलं. ते आधी दाराकडे बघून आले, मग खुर्ची ओढून बसले.

"सोपं आहे," ते म्हणाले. "सगळ्यांना सूचना टाका, भावांमध्ये थोरला आधी धरावा. प्रश्न स्पष्ट केला, विषय संपला."

"सर, ते स्पष्ट करणं न्हाई. तो दुसरा प्रश्न झाला. तीन तास पोरं छापलेल्या प्रश्नावर झगडलीत."

"मॅडम, तुमच्या संघालाच तेवढं उत्तर कसं आलं, हे कंपनीवाले विचारतील. काय सांगणार? सचिव तिथे बसलेत. गुरुवारी तेच तुमच्या समोर असतील. हात दाखवून अवलक्षण कशाला?" ते उठले. "तुम्ही सुज्ञ आहात." आणि बाहेर जाऊन सचिवांच्या शेजारी बसले.

मागच्या खोलीत आम्ही दोघंच उरलो. मॅडम आपल्या मशीनवर काहीतरी टाइप करत होत्या. भिंतीवरच्या घड्याळात एक वाजून बावीस मिनिटं झाली होती. मला मॅडमची काळजी वाटत होती. खरी वाटत होती, उगाच म्हणत नाही. घरी पायाला काटा लागलेल्या लेकीला समजवावं तशा आवाजात मी बोललो.

"झाकली मूठ सव्वा लाखाची, मॅडम. साहेब म्हणतात तशी सूचना टाका, न्हाईतर काहीच टाकू नका. दीड तास राहिलाय. त्या पोरींना बाकीची कोडी हायती की. कुणाला कळतंय? सहा वर्षं घातलीत तुम्ही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं पटलं. मग त्या उठल्या, साडीचा पदर खोचला आणि बाहेर जाऊन माईक हातात घेतला.

"सहाव्या कोड्याबद्दल सांगायचंय. प्रश्न बरोबर आहे, माझं उत्तर चुकीचं आहे. प्रश्नात नसलेली अट मी उत्तरात धरली होती. चूक माझी एकटीची. सगळ्यांचे प्रोग्राम पुन्हा तपासले जातील."

सचिव विभागप्रमुखांकडे झुकून काहीतरी बोलले. विभागप्रमुख समोरच बघत राहिले.

मॅडमनी सांगितल्याप्रमाणे मी बटण दाबलं. फलकावरचे आकडे हलले. दौंडच्या मुलींचा पहिलाच प्रयत्न बरोबर ठरला, दंड काहीच लागला नाही आणि त्या पहिल्या आल्या. आमची पोरं तिसरी झाली. मग मला उठावं लागलं. आमच्या टेबलाची गुलाबी फुग्याची गाठ मी सोडायला गेलो तर संघाच्या मोठ्या पोराने दोरी धरून ठेवली. त्याचे डोळे भरले होते. मॅडम माझ्या मागोमाग आल्या होत्या.

"मॅडम, तुम्हीच शिकवलं होतं ना असं?"

"व्हय," त्या म्हणाल्या. "मीच शिकवलं."

त्याने दोरी सोडली. मी फुगा घेऊन हॉलच्या दुसऱ्या टोकाला गेलो, ते अंतर मला फार लांब वाटलं. दौंडच्या मुली आनंदाने ओरडल्या नाहीत. त्यातली एक उभी राहिली आणि मॅडमकडे बघत नुसतीच थांबली.

आमच्या पोरांनी पाऊण तासात ते कोडं नव्याने सोडवलं, पण वेळ गेला तो गेला. शेवटी ती तिसरीवरून दुसरी आली. कंपनीची मुलाखत दौंडला गेली.

गुरुवारच्या मुलाखतीला प्रोजेक्टर जोडायला मी खोलीत होतो, म्हणून हेही पाहिलं. उमेदवाराने दहा मिनिटं कुठलाही विषय शिकवून दाखवायचा असतो. मॅडमनी कुठला घेतला असेल? झाडावरचे क्रम! मूळ वर काढलं, भाऊ खाली काढले आणि आपलीच चूक कशी झाली ते फळ्यावर मांडलं. बाहेरून आलेले एक म्हातारे प्राध्यापक पुढे सरकून ऐकत होते. सचिवांनी एकच प्रश्न विचारला, "तुम्ही आपल्याच मुलांना हरवलंत म्हणे?"

"मुलं हरली नाहीत, सर. मी चुकले होते."

"तेच म्हणतोय मी," सचिव म्हणाले आणि त्यांनी फाइल मिटली.

महिन्याने निकाल आला. पुढच्या जूनपासून मॅडम आमच्याकडे नाहीत. लॅबच्या वेळापत्रकात त्यांच्या जागी दुसरं नाव आहे. पोरगा चांगला आहे, कोड्यांना चार-चार नमुने देतो. मॅडम हल्ली कुठे शिकवतात ते मला नक्की माहीत नाही. नंबर आहे माझ्याकडे. लावलेला नाही.

पण त्या निकालाच्या दिवसाचं सांगायचं राहिलं. नोटीस बोर्डावर लावायला शिपाई नव्हता म्हणून कागद माझ्याच हातात दिला. एक ओळ होती. "योग्य उमेदवार न मिळाल्याने सदर पद रिक्त ठेवण्यात येत आहे." दुसऱ्या कुणाला घेतलं असतं तर मला एवढं लागलं नसतं. मी पिना टोचत होतो तेवढ्यात मॅडम आल्या, माझ्या खांद्यामागून ती ओळ वाचली आणि वर्गाकडे वळल्या. त्यांना अकराचा तास होता.

मला राहवलं नाही. "मॅडम, त्या दिवशी मी मूठ झाकायला सांगितली. ऐकलं असतंत तर आज हा कागद नसता. पण ते मी बोलायला नको होतं. माझी मलाच लाज वाटती."

त्या थांबल्या.

"मामा, तुम्ही बोलायच्या आधीच मी ठरवलं हुतं, गप बसायचं. सूचना पण टाइप करून ठेवली हुती. नुसतं बटण दाबायचं राहिलं हुतं." त्यांनी बोर्डावरच्या कागदाकडे पाहिलं. "मग तेच तुमच्या तोंडून ऐकलं, आन् इतकं वंगाळ वाटलं. तुम्ही गप ऱ्हायला असता तर मी दाबलं असतं बटण."

एवढं बोलून त्या वर्गात गेल्या. मी कायम नोकरीतला माणूस, पिनांचा डबा हातात धरून तिथेच उभा राहिलो. आत मॅडमनी हजेरी घ्यायला सुरुवात केली होती.